ऑर्गन कुणाच्या बापाचा?



मागच्या महिन्यात आपल्या शहरात लोककलेवर एक परिसंवाद झाला. मी रातपाळी करून, तोंडावर पाणी मारून तसाच गेलो. सोबत माझा दोस्त होता. तो दिवसा सेंट्रिंगच्या कामावर असतो आणि रात्री गायन पार्टीत ऑर्गन वाजवतो. मंचावर एक मोठे विद्वान होते. हलगीवर अर्धा तास बोलले. छान बोलले, खोटं कशाला सांगू. हलगीच्या कड्यापासून चामड्यापर्यंत सगळं त्यांना पाठ. शेवटी मागच्या रांगेकडं, म्हणजे आमच्याकडं हात करून म्हणले, "ताल तुमच्या रक्तात आहे. तो जपा. जयंतीच्या गाडीवर ते ऑर्गन-बिर्गन कशाला आणता? ते तुमचं नाही."

टाळ्या पडल्या. आपल्यातल्या पोरांनीही वाजवल्या.

दोस्तानं वाजवल्या नाहीत. तो आपल्या बोटांकडं बघत होता. फळ्या आणि खिळ्यांनी फुटलेली बोटं. बाहेर चहाच्या गाड्यावर म्हणला, "गड्या, रक्तातच होतं तर मी चार वर्षं कामून घासली?" थोड्या वेळानं म्हणला, "विकून टाकतो. हप्ते तरी फिटतील."

त्या विद्वानाला उत्तर म्हणून मी हे लिहीत नाही. ते हे पान वाचणार नाहीत. सायक्लोस्टाईलची शाई त्यांच्या हाताला लागत नसते. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्या आपल्या पोरांसाठी लिहितोय.

"रक्तात आहे" हे वाक्य नीट ओळखा. कौतुकाचे कपडे घालून आलेलं हे मनूचं वाक्य आहे. कसब जन्मानं येतं, ज्याचं त्यानं करावं, दुसऱ्याचं शिकू नये. चातुर्वर्ण्य म्हणजे दुसरं काय असतं? शिवी देताना आमचं रक्त काढतात आणि शाबासकी देतानाही रक्तच काढतात. त्यांच्या पोरानं बारा वर्षं तंबोरा धरला की ती साधना. आमच्या पोरानं तेवढीच वर्षं बोटं घासली की ते रक्त. म्हणजे आमच्या मेहनतीची नोंदच नाही. हजेरीपटावर नाव नसेल तर पगार कुठला?

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. साच्यावर धागा तुटतो, तो चालत्या चात्यावर सांधावा लागतो. नवीन पोराच्या हाताला ते यायला महिने लागतात. बोटं कापतात, मुकादम आईबहिणीवरून बोलतो, मग कधीतरी एका रात्री सांधा बसायला लागतो. आजवर कुणी मला म्हणलं नाही की सांधा तुझ्या रक्तात आहे. कारण तिथं मालकाला माहीत आहे की हे शिकावं लागतं आणि शिकलेला हात सोडून गेला तर माल कमी निघतो. वाद्याच्या बाबतीत मात्र सगळे अडाणी होतात.

अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी हेच ऐकलं. ताल तुमच्या रक्तात, जॅझ तुमच्या रक्तात, तुम्ही तर जन्मतः नाचता. आपण पँथरची पोरं. १९६६ साली तिकडं ब्लॅक पँथर निघाली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले, आणि ते विद्यापीठ काळ्यांच्या हार्लेमला लागून आहे. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे मोठे पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. आपल्या नागसेनवनातही काळ्यांच्या साहित्याची चर्चा झाली. एवढं जुनं नातं. पण आपण त्यांची घोषणा घेतली, मूठ घेतली, पोस्टर घेतलं. त्यांची मेहनत घेतली का? म्हणून आज एका माणसाची हकिगत सांगतो. तो ऑर्गनच वाजवायचा.

त्याचं नाव जिमी स्मिथ.

माझ्या दोस्तानंच त्याचं वादन मला फोनवर पाठवलं. 'द सर्मन' नावाचं, म्हणजे प्रवचन. १९५८ सालचं रेकॉर्डिंग, वीस मिनिटांचं. रातपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मी गिरणीच्या भिंतीला टेकून ऐकलं. पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा ऐकताना डावा हात आणि पाय खाली काय करतायत ते ऐकू आलं. ते चालत राहतं, थांबत नाही, साच्यासारखं. आणि वर उजवा हात बोलत राहतो. भांडतो, चिडवतो, एकच शब्द धरून दहा वेळा विचारतो. प्रवचन म्हणा, नाहीतर वस्तीतल्या कट्ट्यावरचा वाद म्हणा.

हा माणूस अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाजवळ नॉरिसटाऊनला जन्मला. तारीख ८ डिसेंबर. साल कुठं १९२५ लिहितात, कुठं १९२८. आपल्याला त्याचं नवल नको. आपल्या निम्म्या वस्तीचा जन्म मास्तरांनी १ जूनला लावलेला आहे. बाप पियानो वाजवायचा. घरातच शिक्षण. नऊ वर्षांचा असताना रेडिओवरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत पियानोवर बक्षीस मिळवलं. पुढं नौदलात गेला. तेव्हा तिथंही काळे वेगळे, गोरे वेगळे. लष्करातला हा भेद मोडायचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं १९४८ साली काढला. परत आल्यावर माजी सैनिकांना शिक्षणासाठी सरकार जे पैसे द्यायचं, त्यावर फिलाडेल्फियात संगीताच्या शाळेत गेला. पियानो शिकला, डबल बास शिकला.

इथं जरा थांबा. सरकारच्या पैशावर शिकला. आपल्याकडं याला 'सवलतीवर शिकला' म्हणतात आणि नाक मुरडतात. जगातला सगळ्यात मोठा जॅझ ऑर्गनवाला सवलतीवर शिकलेला आहे, हे आता तुमच्या कॉलेजातल्या गुणवत्तावाल्यांना सांगा. आणि दुसरं. तो शाळेत गेला, स्वरलिपी शिकला. रक्तात होतं तर कशाला गेला?

१९५० च्या आसपास तो एका नाचगाण्याच्या बँडमध्ये पियानो वाजवत होता. तेव्हा त्यानं वाइल्ड बिल डेव्हिस नावाच्या वादकाला हॅमंड ऑर्गन वाजवताना ऐकलं आणि त्याचं डोकं फिरलं.

आता हा हॅमंड ऑर्गन काय असतो ते गिरणी कामगाराच्या भाषेत सांगतो, कारण तो आपल्यालाच लवकर कळेल. १९३० च्या दशकात शिकागोत लॉरेन्स हॅमंड नावाचा घड्याळाचा कारखानदार होता. विजेवर एकाच ठराविक वेगानं फिरणारी मोटर त्यानं घड्याळासाठी बनवली होती. घड्याळाचा धंदा बसला, मग तीच मोटर त्यानं वाद्यात घातली. १९३५ साली ऑर्गन बाजारात आणला. आत ९१ दातेरी लोखंडी चाकं. मोटर फिरली की गिअरवर सगळी चाकं फिरतात, लहानमोठ्या वेगानं. प्रत्येक चाकासमोर लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. दात समोरून गेले की वेटोळ्यात बारीक वीज उठते. तीच वीज स्पीकरमधून सूर होऊन बाहेर येते. कळ दाबली नाही तरी आत चाकं फिरतच असतात. म्हणजे ते रिंगखातंच आहे. चात्याऐवजी चाकं, सुताऐवजी सूर. वर हातासाठी कळांच्या दोन पट्ट्या, एकेकीत ६१ कळा. खाली पायासाठी २५ पट्ट्या. वजन दीडशे किलोच्या वर. लाकडी कपाट समजा.

आणि गंमत ऐका. हा हॅमंड स्वतः एकही वाद्य वाजवत नव्हता. कारखाना त्याचा, पेटंट त्याचं, नाव त्याचं. सूर दुसऱ्यांचा.

हे यंत्र त्यानं मुख्यतः चर्चला विकलं. मोठ्या चर्चमध्ये नळ्यांचा खरा ऑर्गन असतो, दोन-तीन मजल्यांएवढा. त्याची किंमत गरिबाला परवडत नाही. नळ्यांच्या ऑर्गनच्या धंद्यातले लोक चिडले. हे ऑर्गनच नव्हे म्हणले. प्रकरण सरकारी व्यापार आयोगापर्यंत गेलं. एका मोठ्या चर्चमध्ये दोन्ही वाद्यं आडून वाजवून जाणकारांना ओळखायला सांगितली. जाणकारही पुष्कळदा चुकले. तरी १९३८ साली आयोगानं हॅमंडला जाहिरातीतले काही दावे करायला बंदी घातली.

'हे ऑर्गनच नव्हे.' दोस्तहो, हे वाक्य कुठं ऐकलंय? 'हे साहित्यच नव्हे, या शिव्या आहेत, हा प्रचार आहे.' आपल्या पहिल्या कवितांना हेच म्हणले. नंतर त्याच कविता अभ्यासक्रमात लावल्या आणि त्यावर पीएचड्या केल्या.

आयोगानं काहीही म्हणो, काळ्यांच्या वस्तीतल्या गरीब चर्चांनी हे स्वस्त यंत्र घेतलं आणि त्यावर आपली गाणी बसवली. यंत्रात दोन खोड्या होत्या. कळ दाबली की 'टक्' असा बारीक आवाज यायचा. इंजिनिअरच्या लेखी तो दोष, तो काढायच्या मागे ते होते. वाजवणाऱ्यांना तोच आवडला. त्यानं ताल धारदार होतो. दुसरी खोडी सूर सपाट येण्याची. त्यावर डॉन लेस्ली नावाच्या माणसानं स्पीकरचं एक वेगळं खोकं काढलं. आत भोंगा गोल फिरतो, त्यानं सूर थरथरतो, माणसाच्या गळ्यासारखा होतो. हॅमंडसाहेबाला ते अजिबात पसंत नव्हतं. माझ्या वाद्याला ते खोकं लावू नका म्हणाला. वाजवणाऱ्यांनी लावलंच. आज त्या खोक्याशिवाय हॅमंड कुणी ऐकत नाही. बनवणाऱ्याला जो दोष वाटला, तो वाजवणाऱ्यांनी भाषा केला. मालकाला वाद्याची मालकी मिळते. वाद्यानं काय बोलायचं ते मात्र हात ठरवतो.

तर जिमी स्मिथ. त्यानं वाइल्ड बिल डेव्हिसला विचारलं की हे शिकायला किती दिवस लागतील. उत्तर आलं की नुसत्या पायांनाच वर्षानुवर्षं लागतील. स्मिथनं पैसे जमवून हॅमंड घेतला. एवढं धूड घरात मावेना, म्हणून फिलाडेल्फियात एका गोदामात जागा भाड्यानं घेतली. पायाच्या २५ पट्ट्यांचा मोठा तक्ता काढून समोर भिंतीला लावला, म्हणजे खाली न बघता पाय कुठं पडतोय ते डोळ्यासमोर राहील. आणि कोंडून घेतलं. रोज. वर्षभराच्या आसपास हा माणूस गोदामात होता.

मला त्याची रेकॉर्ड सगळ्यात मोठी वाटत नाही. मला तो तक्ता मोठा वाटतो. भिंतीवर चिकटवलेला कागद. त्या कागदावर रक्त-बिक्त काही लिहिलेलं नव्हतं. कुठला पाय, कुठली पट्टी, एवढंच.

बाहेर आला तेव्हा तिशीला टेकला होता. आधी फिलाडेल्फियाच्या पट्ट्यातल्या क्लबांमध्ये वाजवलं आणि १९५६ साली हार्लेममधल्या स्मॉल्स पॅराडाईजमध्ये. ऐकायला आल्फ्रेड लायन नावाचा माणूस आला. जर्मनीतून आलेला यहुदी, १९३९ साली त्यानं ब्लू नोट ही रेकॉर्ड कंपनी काढलेली. त्यानं लगेच करार केला. त्याच वर्षी स्मिथची पहिली रेकॉर्ड निघाली. पुढच्या सहा-सात वर्षांत ढीगभर रेकॉर्डिंग झाली. 'द सर्मन' त्यातलीच. १९६० साली 'बॅक अॅट द चिकन शॅक'. नावं बघा. प्रवचन, कोंबडीची खानावळ, घरचा स्वैपाक. वस्तीचीच नावं. १९६२ साली मोठ्या कंपनीत गेला, मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवलं आणि ते बाजारात धडाक्यात खपलं. मागोमाग फिलाडेल्फियातून ऑर्गनवाल्यांची रांग निघाली. शर्ली स्कॉट ही बाई त्यातलीच, १९३४ चा जन्म. तिला ऑर्गनची राणी म्हणायचे. पुढं ती कॉलेजात शिकवायला लागली. जिमी मॅकग्रिफ आधी पोलिसात होता. एका शहराच्या वस्त्यांतून एवढे लोक. रक्ताचा चमत्कार म्हणायचा का? नाही. चर्चमध्ये वाद्य होतं, कोपऱ्यावर क्लब होता, एकानं वाट दाखवली होती आणि बाकीच्यांना ती ऐकू येत होती. वाद्य हाताशी असलं, रात्रीची मजुरी मिळत असली की कलावंत निघतात.

आणि हे सगळं फार सुखानं झालं असं नाही. फिलाडेल्फियात काळ्या वादकांची युनियनसुद्धा वेगळी होती, लोकल २७४. गोऱ्यांची वेगळी. १९७१ पर्यंत हा प्रकार चालला. एकच धंदा, एकच वाद्य आणि दोन युनियन.

गिरणीवाल्यांनो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांमध्ये साळखातं आपल्या माणसांना बंद होतं. का, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढावा लागे. सवर्ण कामगार म्हणत, धोटा बाटतो. लाल बावटाही हातात आणि विटाळही तोंडात. साळखात्यात मजुरी जास्त, म्हणून आपली माणसं रिंगखात्यात कमी मजुरीवर. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा धरला की साळखातं आमच्यासाठी उघडा. औजारावर हक्क द्या. कुणाच्या हाताला कुठलं औजार लागू द्यायचं, हीच जातीची खरी चावी आहे. वाद्य हे औजारच आहे. 'हलगी तुमची, ऑर्गन तुमचा नाही' म्हणजे 'रिंगखातं तुमचं, साळखातं तुमचं नाही.' मागच्या महिन्यात त्याच वाक्याला आपण टाळ्या वाजवल्या.

हलगीला मी शिवी देत नाही. ज्याला आवडीनं वाजवायची त्यानं वाजवावी, ऐकताना माझेही पाय हलतात. पण हलगी, डफडं आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात गावकीनं अडकवलं होतं. लग्न त्यांचं, मिरवणूक त्यांची, देव त्यांचा. वाजवायचं आपण, दूर उभं राहून, पसाभर धान्यावर आणि शिळ्या भाकरीवर. नाही म्हणलं तर मार. बाबासाहेबांनी सांगितलं, गावकीची कामं सोडा, मेलेली ढोरं ओढू नका, वतनाचा फास काढा. लोकांनी डफडं खाली ठेवलं. ते ठेवणं ही कलेची हानी नव्हती. तो संप होता. आज जे 'अरेरे, लोककला गेली' म्हणून रडतात, त्यांना वाजवणारा गेल्याचं दुःख आहे की फुकट वाजवणारा गेल्याचं?

डफडं ठेवलेल्या हातांनी मग काय उचललं? पेटी उचलली. भीमराव कर्डकांचे जलसे झाले, वामनदादा गावोगाव फिरले. पेटी आणि ढोलकी घेऊन बाबासाहेब खेड्यापाड्यात नेले. ही पेटी तरी कुणाची? जन्म फ्रान्सचा. कलकत्त्यात तिला हाताचा भाता बसला. शुद्धतावाल्यांनी तिलाही परकी म्हणलं, १९४० पासून आकाशवाणीवर तिला बंदी होती, ती १९७१ नंतर कुठं सैल झाली. सरकारचा रेडिओ जिला घेत नव्हता तिच्यावर आपली चळवळ गायली गेली. आणि आणखी एक. बालगंधर्वांच्या कंपनीत कोणतं वाद्य वाजायचं? ऑर्गन. विलायती, पायानं भाता मारायचा ऑर्गन. त्याला कुणी 'हे तुमचं नाही' म्हणलं का? तो नाट्यसंगीताचा प्राण ठरला. त्यांच्या मखमली पडद्यामागं वाजला की परंपरा, आणि आमच्या भीमनगरच्या टेम्पोवर वाजला की प्रदूषण. वाह रे सौंदर्यशास्त्र!

आता जरा उलटी बाजू. मी भक्त नाही, आणि तुम्हीही होऊ नका. जिमी स्मिथ बासचे सूर स्वतःच वाजवायचा, डाव्या हातानं आणि पायानं. म्हणून त्याच्या बँडला बासवाला लागायचा नाही. ऑर्गन, गिटार, ड्रम, झालं. क्लबच्या मालकाला तीन माणसांच्या मजुरीत चौघांचा आवाज. गिरणीत याला आपण काय म्हणतो? एका माणसाकडं दोन साचे. याच गोष्टीवर आपल्या लोकांनी संप केलेत. म्हणजे एकाचं कसब वाढलं की मालक दुसऱ्याची जागा कमी करतो. यात दोष पायाचा नाही, हिशोब ठेवणाऱ्याचा आहे. पण हे विसरून नुसत्या चमत्काराचं गाणं गाऊ नये.

दुसरं, ते यंत्रही टिकलं नाही. १९७० च्या दशकात हलके इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले. दीडशे किलोचं कपाट कोण उचलणार? हॅमंड कंपनीनं त्याच दशकाच्या मध्यात हे मॉडेल बनवणं बंद केलं. स्मिथनं बायकोबरोबर लॉस एंजलिसकडं जेवणाचा क्लब काढला आणि तिथं वाजवत राहिला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या शिकलेल्या हातांचं काय झालं ते आठवा, म्हणजे कळेल. यंत्र भंगारात गेलं की मालक दुसरा धंदा काढतो. वाजवणाऱ्याच्या हातात वीस वर्षांचं कसब तसंच राहतं. स्मिथचं नशीब एवढं की पुढच्या पिढीला तो आवाज परत हवासा झाला. १९८७ साली मायकेल जॅक्सनच्या 'बॅड' गाण्यात जे ऑर्गनचं वादन आहे ते जिमी स्मिथचं. म्हणजे तुमच्यातल्या पुष्कळांनी त्याला ऐकलंय, नाव माहीत नव्हतं. २००५ च्या जानेवारीत त्याला 'जॅझ मास्टर' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि महिन्याभरात, ८ फेब्रुवारीला तो वारला.

गोष्ट संपली. आता आपलं.

विद्वानाला शिव्या देणं सोपं आहे. मी वर दिल्याच. आता घरातलं बोलतो, ते जास्त झोंबेल.

एक. आपण १४ एप्रिलला वर्गणी गोळा करतो. पावती पुस्तक घेऊन मीही फिरतो. ती रक्कम जाते कुठं? डीजेच्या भिंतीला. गायन पार्टीला विचारतो, "तुमचं काय, चळवळीचीच माणसं तुम्ही, समजून घ्या." म्हणजे चहा-पोहे आणि शाल. डीजेवाल्याला कुणी समजून घ्यायला सांगत नाही, त्याला अॅडव्हान्स. वाजवणाऱ्याला मजुरी न देता 'समजून घ्या' म्हणणं ही नवी गावकी आहे. गाव पसाभर धान्य द्यायचं, आपण शाल देतो. माझा दोस्त ऑर्गन विकायला निघाला तो एकट्या विद्वानामुळं नाही. तीन जयंत्यांची बाकी आपल्या मंडळांकडं आहे.

दोन. आपण 'विद्रोही' हा शब्द पुरे समजतो. कविता लिहिली, त्यात आग, रक्त, सूर्य घातला, झाली. कुणी म्हणलं की ही ओळ ढिली आहे, तर आपण म्हणतो, तू ब्राह्मणी समीक्षक. मीही हेच केलं आहे. माझ्या पहिल्या पन्नास कविता अशाच आहेत आणि त्या या अंकाच्या संपादकानं परत केल्या तेव्हा मी त्याच्याशी दोन महिने बोललो नाही. तो बरोबर होता. जो मेहनतीशिवाय कला मागतो तोही 'रक्तात आहे' हेच म्हणत असतो. आमच्यात वेदना जन्मतःच आहे, मग शिकायचं कशाला? हा विद्वानाचाच सिद्धांत आपण उलटा करून छातीवर लावलाय. वेदना प्रत्येक चाळीत आहे. कविता प्रत्येक चाळीत नाही. मधे गोदाम लागतं.

तीन. 'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी परीक्षेपुरता दिलेला नाही. आपण शिकलो, पदव्या घेतल्या, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका काढल्या. चांगलं केलं. पण आपल्या किती विहारात एखादं वाद्य आहे? किती ठिकाणी पोरीबाळींना स्वरलिपी शिकवतात? काळ्यांच्या वस्तीत चर्चमध्ये ऑर्गन होता म्हणून जिमी स्मिथनंतर रांग लागली. आपल्या विहाराला आठवडाभर कुलूप असतं. रविवारी वंदना, बाकी दिवस पंख्यावर धूळ. वाद्य नसलेल्या वस्तीत ताल रक्तात शोधत बसायची वेळ येते.

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत. गायन पार्टीची बाकी या महिन्यात द्या, आणि पुढच्या जयंतीला त्यांचा दर आधी ठरवा, मग डीजेचा. विहाराची किल्ली संध्याकाळी पोरांकडं द्या. आणि पुढच्या वेळी कुणी मंचावरून म्हणलं की ताल तुमच्या रक्तात आहे, तर टाळ्या वाजवू नका. उठून विचारा, साहेब, किती वर्षं शिकावं लागतं ते माहीत आहे का?

ऑर्गन विकला गेलेला नाही. आम्ही चौघांनी दोन हप्ते भरले. आमच्या गल्लीतल्या विहारात मागच्या खोलीत तो ठेवलाय. भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर सात सूर आणि कुठलं बोट कुठं, एवढंच लिहिलंय. पहिल्या आठवड्यात तीन पोरं आली, त्यातली दोन पोरी. एकीचा बाप म्हणला, "पोरीनं वाजवून काय करायचं?" त्याला मी शर्ली स्कॉटची गोष्ट सांगितली. त्याला ती पटली की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी पोरगी आली.

रातपाळी नसेल त्या दिवशी सात वाजता मीही तिथं असतो. अजून डाव्या हाताला काही येत नाही. या.

जयभीम.